आक्रमणात शून्य मिळालेलं जग

गेल्या रविवारी सकाळी गारखेड्यात मी चांगली कडाकडा भांडून आले. भांडण कशावरून, तर आकाशापलीकडचं कोणतं जग जास्त ताकदवान यावरून... आणि भांडणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे.

आमचं विज्ञानकथा लिहिणाऱ्या सहा जणांचं एक मंडळ आहे. महिन्यातून एकदा सुधीरकाकांच्या हॉलमध्ये जमतो, पोहे खातो, कथा वाचतो. काका रिटायर्ड इंजिनिअर, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीचा तक्ता लागतो.

यंदा आम्ही स्वतःचा दिवाळी अंक काढतोय. सहा जणांनी सहा कथा लिहिल्या, प्रत्येकीत एक अनोळखी जग. पण पानं पाचच कथांची. काका म्हणाले, सोपं आहे, जगांची ताकद मोजू, पहिली पाच घेऊ.

म्हणजे कथा कशी जमलीय ते बघायचंच नाही... त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. उलट मीच उठून फळ्यावर रकाने आखले. आक्रमण, वेग, काळावर ताबा, प्रत्येकाला दहा गुण. कॉलेजात फिजिक्स शिकवते, खडू दिसला की हात शिवशिवतात.

काकांच्या जगातले राजे सगळ्या आकाशगंगेचा काळ थांबवतात. दहापैकी दहा. त्यांच्या गल्लीतल्या जोशीसरांच्या जगातून नुसती फुंकर आली की सूर्य विझतो. त्यांनाही दहा. माझ्या जगातले जीव प्रकाशाच्या आधी पोचतात, एवढीच त्यांची कमाई. मी कशीबशी पाचवी.

राहिल्या अरुणाताई. लासूर स्टेशनला अंगणवाडीत आहेत, पहाटे स्वयंपाक उरकून रेल्वेने येतात. ही त्यांची पहिलीच कथा, दोनशे पानी वहीत पेनाने लिहिलेली. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं, छापलेला अंकच नवऱ्यासमोर ठेवणार होत्या.

त्यांचं जग आमच्या शहराखालच्या जुन्या नहरींच्या, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या कालव्यांच्याही खाली आहे. तिथल्या जिवांकडे शस्त्र नाही, यान नाही, फक्त पाणी आहे. ते कधीतरी वर येतात, पाणी देतात, जातात. पुन्हा कधी येणार ते सांगत नाहीत.

काकांनी विचारलं, "पण हे हल्ला कसा करतात?"

"हल्ला नाय करत ओ काका. ते फकस्त येत नाय."

"मग त्यात पॉवर काय?"

सगळे हसले. मीही हसले, ते लपवत नाही. आक्रमण शून्य, वेग शून्य, काळावर ताबा शून्य. तिन्ही शून्यं मी माझ्या हाताने फळ्यावर लिहिली. अरुणाताईंनी वही पिशवीत घातली आणि पिशवीची चेन लावली.

आणि आतून काकूंची हाक आली, "अहो, पाणी आलं."

आमच्याकडे आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येतं, आणि या खेपेला दोन दिवस वर झाले होते. काळ थांबवणारे काका पायजमा वर खोचत मोटर लावायला पळाले. जोशीसर तर चप्पल न घालताच घरी गेले. उरलेले दोघं काकूंच्या मागे पिंप हलवायला. माझं घर दोन गल्ल्या सोडून, तिथे तेव्हा कुणीच नव्हतं, शेजारणीचा फोन आला... मीही पर्स उचलून दारापर्यंत गेले.

मागे वळून पाहिलं तर फळ्यासमोर अरुणाताई एकट्याच बसलेल्या.

"तुम्ही जावा मॅडम," त्या म्हणाल्या. "पाणी गेलं म्हंजी परत आठ दिवस पंचाईत. मी बसते इथं."

त्यात टोमणा नव्हता हो, खरंच काळजीने म्हणाल्या. मी गेटमधून बाहेर पाहिलं. दहापैकी दहावाली सगळी जगं गल्लीत पाइप धरून उभी होती. मी परत येऊन खुर्चीवर बसले.

तासाभराने काका गुडघ्यापर्यंत भिजून आले आणि काही झालंच नाही अशा थाटात म्हणाले, "हं, तर पाच कथा फायनल." तिथे माझं डोकं फिरलं. म्हटलं, काका, तुमचे राजे काळ थांबवतात ना, मग आत्ताची मीटिंग कुणी थांबवली? आपण पाहुण्यांना कधी बोलवायचं, गावाला कधी जायचं, हे सगळं कुणाला विचारून ठरवतो? त्याला आपण शून्य दिलं?

"ते खरं पाणी आहे. ही कथा आहे," काका म्हणाले. मी आणखी भडकले. आवाज एवढा चढला की काकू हात पुसत बाहेर आल्या.

मग काका शांतपणे म्हणाले, "पण मॅडम, रकाने कुणी आखले?"

चिडले होते काकांवर, आणि त्या फळ्यावर अक्षर सगळं माझं.

मी डस्टर घेतलं. पाचव्या नंबरवरचं माझं नाव पुसलं आणि तिथे अरुणाताईंचं लिहिलं. काकांनी ओला हात शर्टाला पुसून पुढे केला आणि म्हणाले, "द्या ती वही, मी टाइप करून घेतो."

अरुणाताईंनी वही काढली, पण लगेच सोडली नाही. "आणि मॅडमची कथा?" एवढंच त्यांनी विचारलं. शून्य मिळाल्यावरही त्यांना माझी काळजी...

त्या दिवशी माझी टाकी भरायची राहिली. आठवडा झाला, शेजारून बादल्या आणतेय आणि घरच्यांची बोलणी खातेय.

अरुणाताई, सॉरी, आणि थँक्यू. तुमची शून्यं माझ्या हातची होती. ती पुसायला मला एक रिकामी टाकी लागली.