विहीणबाईंची भूक

सकाळी चंद्रपूर सोडलं तेव्हा गाडीत आम्ही दोघी विहिणी होतो आणि दोघींना समजेल अशी धड एकही भाषा नव्हती. माझ्या लेकीच्या सासूबाई, एलेन, फ्रान्सहून पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना इंग्रजीही येत नाही. लेकीच्या लग्नानंतर मी फ्रेंचचा वर्ग लावला, त्यातले खाण्यापिण्याचे धडे तेवढे झालेले. लेक सोबत येणार होती, पण ऐन वेळी जावयांना ताप आला आणि ती घरी थांबली. कुरखेड्याजवळ पार्वताबाईंकडे जेवण ठरलेलं. नोकरीत असताना आम्ही त्यांच्या शेजारी राहिलो होतो, त्यामुळे न जाणं शक्यच नव्हतं.

मला वेगळाच घोर लागला होता. आठवडाभर एलेनबाई नीट जेवल्या नव्हत्या. तिखट सोसणार नाही म्हणून आम्ही उकडलेले बटाटे आणि पाव वाढत होतो. त्या दोन घास खात, "मेर्सी" (आभार) म्हणत आणि हात आवरत. लेकीने विचारलं तरी सगळं छान आहे, एवढंच सांगत. आम्ही सोयरेच त्यांना पसंत नसू, असं मला वाटू लागलं होतं.

वाटेत मूल गावी चहा घेतला. तो त्यांनी पूर्ण प्यायला. आमचे गाडीवाले, राजुऱ्याचे सलीमभाऊ, हळूच म्हणाले, "काकू, चहा चालते, मंग जेवणच काऊन नाई चालत?"

आरमोरीच्या पुढे बांध्यांमधून (भाताच्या खाचरांमधून) कापलेल्या धानाचे भारे दिसू लागले, आणि फोनची रेंज गेली; आता लेकीला अर्थ विचारायचीही सोय नव्हती.

पार्वताबाईंचं घर ढिवरांचं (मासेमारांचं). बोडीतली (गावतळ्यातली) ताजी मरळ रश्श्यात शिजत होती. लेकीने आधीच कळवल्यामुळे एलेनबाईंपुढे मात्र बटाटे आणि पाव आले. त्या माझ्या ताटाकडे बघत राहिल्या. मासे आवडतात का, असं मी धीर करून विचारलं, "वू झेमे ल प्वाझाँ?"

त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पोट धरून हसायला लागल्या. मासा म्हणजे 'प्वासाँ'. 'झ' लावून मी त्यांना विष आवडतं का, असं विचारलं होतं. गळा धरून, मान टाकून त्यांनी ते मला समजावलं.

मग म्हणाल्या, "माँ पॅर..." माझे वडील, एवढं कळलं. पुढचा शब्द माझ्या धड्यांत नव्हता. त्या उठल्या आणि दोन्ही हातांनी अंगणात जाळं फेकल्यासारखं केलं.

पार्वताबाई माझ्याकडे वळल्या. "यायचा बाप बी मच्छ्या धरे वाटते. अन् तुमी यायले आलू खाऊ घालून राह्यले?"

बटाटे उचलले गेले. एलेनबाई नाक पुसत, सराईतपणे काटे काढत जेवल्या आणि "आंकोर" (अजून) म्हणून त्यांनी पुन्हा भात घेतला.

परतताना तुटक्या शब्दांत मी विचारलं, घरी का नाही सांगितलं? तुम्ही इतक्या प्रेमाने वाढत होतात, असं काहीसं त्या म्हणाल्या. आम्ही त्यांना जपत होतो, त्या आम्हाला, आणि ह्या जपण्यात विहीणबाई उपाशी राहत होत्या.

गडचिरोलीत शिरलो तेव्हा दुकानांचे दिवे लागले होते. एका हॉटेलातून भज्यांचा वास आला. एलेनबाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि मला कळावं म्हणून सावकाश म्हणाल्या, "झे फँ." मला भूक लागली आहे.

मी सलीमभाऊंना गाडी थांबवायला सांगितली.