पैनगंगेतला पवळ्या

नदीतली राज्याची सीमा मोबाइलच्या नकाशावर नीट दिसेना, म्हणून तो मोठा करायला हैद्राबादहून आलेल्या रविकांतने हातातलं दावं सोडलं आणि मावशीचा बैल, पवळ्या, थेट भरल्या पैनगंगेत उतरला.

पाणी बैलाच्या पाठीला लागलं तसा रविकांत काठाकाठानं धावला. पवळ्या गेला, तर मावशीच्या कपाशीतलं तण काढायला डवरा कोण ओढणार? काठावरचे लोक मराठीत ओरडले, तेलुगूतही ओरडले. बैल पुढंच चालला.

महाराष्ट्रात जन्मून चाळीस वर्षं तेलंगणात नांदलेली जयवंतामावशी मात्र ओरडली नाही. तिनं सरकीच्या ढेपेचा, म्हणजे पेंडीचा, डबा आणून खुळखुळवला. पवळ्याची मान वळली. धापा टाकत तो काठाला लागला.

रविकांतच्या जिवात जीव आला. "मावशी, हा महाराष्ट्रात पोचला होता का गं?"

"त्याले राज्य नाई, ढेप समजते बाबू, तू दावं धर!"