डाव्या चाकाचं शहर

आमच्या दाजींना जगातली निदान चाळीस शहरं माहीत होती, आणि त्यांतल्या एकातही त्यांनी पाऊल टाकलेलं नव्हतं. दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. प्रवासाच्या बॅगा दुरुस्त करण्याचं त्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची जागा! दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्याने रस्त्यावर ताटकळायचं. भिंतीभर खिळे, खिळ्यांना बॅगा, आणि टेबलाच्या खणांत नुसती चाकं.

बॅग उलटी केली की ती कुठे फिरून आली, ते दाजी सांगत. चेन पांढुरकी पडून अडकत असेल तर समुद्राकाठचं शहर. शिवणीत बारीक वाळू असेल तर वाळवंटाच्या कडेचं. देशातल्या देशात त्यांचं लाडकं शहर तलावाकाठचं होतं. तिथून आलेल्या बॅगेच्या तळाला हमखास चिखलाची रेघ, कारण होडी पकडायच्या घाईत लोक बॅग सरळ ओल्या काठावर टेकवतात. पण दाजींचा खरा जीव जडला होता तो परदेशातल्या एका टेकडीवरच्या दगडी शहरावर. त्याचं नाव घ्यायच्या भानगडीत ते पडत नसत, ‘डावं चाक’ म्हणत. तिथून येणाऱ्या बॅगेचं डावंच चाक झिजलेलं असे.

“चढाचा रस्ता डावीकडे कललेला असणार,” दाजी सांगत. “आणि उतरताना लोक टॅक्सी करतात, बॅग जड झालेली असते ना! नाहीतर उजवंही झिजलं असतं.”

“एवढं काय आहे हो त्या शहरात?” मी एकदा विचारलं.

“अरे, चाक मोडलं की माणूस चिडतो. तिथून आलेला चिडत नाही. ‘चाक गेलं काका, जाऊ दे,’ म्हणतो आणि हसतो. बॅग मोडूनही माणूस हसत परत येतो, ते गाव चांगलं.”

लोक सुट्टीचा बेत ठरवायला दाजींकडे येत, आणि दाजी छातीठोकपणे सल्ले देत. मला हसू येई आणि रागही येई. कारण ताईने “आपण कधी जायचं?” म्हटलं की हाच माणूस “बघू” म्हणे. सबब तयारच: सुट्टीआधी लोक बॅगा नीट करून घेतात, सुट्टीनंतर मोडून आणतात, मधे सवड कुठली? खरं कारण त्यांच्या तोंडून एकदाच बाहेर पडलं. “जाऊन पाहिलं आणि नाही आवडलं, तर माझ्याकडे उरलं काय?” उरलं काय म्हणे, कपाळ!

दाजींच्या कामाची एक रीत होती. प्रत्येक बॅगेला कागदी चिठ्ठी बांधायची. तीवर तीन ओळी: नाव, तक्रार, देण्याची तारीख. ती तारीख एकतीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

गेल्या वर्षी ताईच्या गुडघ्यांनी बंड पुकारलं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, वर्षभराने चढ विसरा. ताई दवाखान्यातून घरी गेलीच नाही. तडक दुकानात आली आणि दोन गिऱ्हाइकांच्या मागे रांगेत उभी राहिली. नंबर लागल्यावर म्हणाली, “चिठ्ठी लिहा.”

“अगं, बॅग कुठे आहे?”

“बॅग नाही. तक्रार आहे. तीस वर्षं नुसतं ऐकतेय. साऱ्या गावाला तारीख देता, मलाच तेवढं ‘बघू’. चढ चढता येतोय तोवरची तारीख द्या.”

तिच्या मागे आणखी दोन माणसं उभी. दाजींनी मुकाट्याने तक्रार लिहिली, खाली तारीख घातली. आणि एकदा घातलेली तारीख मोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. पासपोर्ट झाले, तिकिटं आली.

निघायच्या चार दिवस आधी शोध लागला की या माणसाच्या घरात प्रवासाची एकही बॅग नाही! दुकानातल्या साऱ्या परक्यांच्या, आणि गिऱ्हाइकाची वस्तू वापरायची नाही म्हणजे नाही. मग खणांतल्या चाकांतून आणि मोडीत निघालेल्या बॅगांच्या तुकड्यांतून दाजींनी गोधडी जोडावी तशी बॅग जोडली. दांडा एकीचा, झाकण दुसरीचं. डाव्या बाजूला जाड रबराचं दणकट चाक बसवलं. उजवीकडे हाताला आलं ते.

पुढचं ताईने सांगितलं. त्या शहरात बसमधून उतरून चढ सुरू झाला. पन्नास पावलांवर खाड्‌कन आवाज झाला आणि चाक घरंगळत गटाराशी गेलं. उजवं! डावं ठणठणीत. डावं जाड, म्हणून सगळा भार कलून उजव्यावर गेला होता. दाजींचा चेहरा उतरला. तिथेच गुडघे टेकून ते दगड चाचपायला लागले, रस्ता कुठल्या बाजूला कललाय ते बघायला.

ताई पायरीवर बसून पोट धरून हसत होती. मग म्हणाली, “अहो, एकतीस वर्षं खालीच बघताय. आता तरी मान वर करा!”

दाजींनी मान वर केली. दोन्ही बाजूंना रंगीत खिडक्या, एका दोरीवर वाळणारे पायमोजे, एक म्हातारी कुंडीला पाणी घालता घालता यांच्याकडे बघून हसतेय, आणि गल्लीच्या टोकाला एवढंसं निळं पाणी. मग हळूच म्हणाले, “या रस्त्याला खिडक्या असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं गं.”

उरलेला चढ दोघांनी बॅग मधे धरून, दर वीस पावलांवर बसत पार केला. पुरा तास लागला.

परवा मी दुकानात गेलो. ती एकचाकी बॅग खिळ्याला टांगलेली होती, चिठ्ठीसकट.

“काय हो दाजी, चाक गेलं?”

“जाऊ दे,” म्हणाले आणि हसले.

मी चिठ्ठी उलटून पाहिली. देण्याची तारीख पुढच्या वर्षीची. “तेव्हा नदीकाठच्या शहरात जाणार,” दाजी म्हणाले. “सगळं सपाट आहे. तिच्या गुडघ्यांना बरं.” नावाच्या ओळीत ताईचं नाव होतं. आणि तक्रारीच्या ओळीत ताईच्याच अक्षरात: ‘लवकर परत आणलं.’