सुतळीचं दुसरं टोक

आमच्या क्लबच्या अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणायचे. वयाने मोठे असूनही माझे बाबा त्यांना भाऊच म्हणत. मीही मनातल्या मनात तेच म्हणायचे. तोंडाने काही म्हणायची वेळ मी सहसा येऊ देत नसे.

क्लब बिबवेवाडीतला. मैदानाच्या चारही बाजूंना इमारती, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, आणि रविवारी सकाळी मध्ये जिल्हा लीगचे सामने. बाबा तरुणपणी या क्लबचे गोलकीपर होते. मी अकरावीत असताना त्यांच्याबरोबर जायला लागले, ते घरी आलेल्या पाहुण्यांशी बोलावं लागू नये म्हणून. फुटबॉल नंतर आवडला.

ज्या रविवारी आमचा सामना, त्या रविवारी मैदान आखायचं काम आमच्या क्लबकडे असे. आणि आमच्यात एक जुनी पद्धत होती: फक्की अध्यक्षांनीच मारायची. दोन खुंट्यांमध्ये सुतळी ताणून बांधायची आणि बुडाला भोकं पाडलेला डबा हलवत, पांढरी भुकटी सांडत, सुतळीच्या कडेने चालायचं. बाकीच्या क्लबांचे अध्यक्ष हार घालून घ्यायला मैदानात यायचे. आमचे पँट दुमडून यायचे. ही पद्धत कुठून आली ते कोणालाच माहीत नव्हतं.

भाऊ कात्रजच्या बाजूचे. त्यांचं गाव शहरात आलं, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यातल्या बऱ्याच त्यांनीच बांधल्या. पण सकाळी सातला ते फक्कीचा डबा घेऊन हजर असत. एकदा जमीन इतकी कडक होती की खुंटी आतच जाईना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. जवळ मीच होते.

"ए ताई, हे टोक धर जरा."

मी धरलं.

"ताण. अजून ताण. त्याच्यावर कपडे वाळत घालायचे हायत का?"

तेव्हापासून सुतळीचं ते टोक माझं झालं. त्या कामात बोलावं लागत नव्हतं, म्हणून मला ते फार आवडायचं. भाऊ "ताण" म्हणायचे, मी ताणायचे.

क्लबचे सचिव बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही काका म्हणतो. "बोलायचं नसेल तर निदान लिही," म्हणून त्यांनी मला सामन्यांची वही दिली. कोणाविरुद्ध, किती गोल, कोणी केले, रेफरी कोण. मैदान कोणी आखलं, हा शेवटचा रकाना मी माझ्या मनाने घातला. काका म्हणाले, "हवामानपण लिही. वेधशाळेला उपयोगी पडेल."

भाऊ अध्यक्ष झाले तेव्हा आम्ही तिसऱ्या डिव्हिजनमध्ये होतो आणि एकाच संघातल्या अकरा जणांच्या अंगावर चार छटांचा निळा असायचा. भाऊंनी चांगला कोच आणला, कोल्हापूरहून तीन खेळाडू आणले, त्यांची राहायची सोय आपल्याच एका इमारतीत केली. सरावाला ते स्वतः यायचे, बांधावर उभं राहून बघायचे. त्यांना फुटबॉल फारसा कळत नव्हता, आणि ते तसं सांगायचेही. "मला येवढंच कळतं, पळतोय कोण आन् पळायचं नाटक करतोय कोण."

दोन वर्षांत आम्ही दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेलो. त्यानंतरच्या वर्षी पहिल्या. ज्या सामन्याने आम्ही वर गेलो, त्यात शेवटच्या काही मिनिटांत आमच्या लेफ्ट बॅकने हेडर मारला आणि गॅलऱ्यांतून लोक ओरडायला लागले, फुटबॉलशी काही देणंघेणं नसलेलेसुद्धा. भाऊ बूट काढून मैदानात धावले. पँटवर गुडघ्यापर्यंत फक्की. बाबा रडत होते. मी ओरडले असणार, कारण दुसऱ्या दिवशी कॉलेजात माझा आवाज पूर्ण बसला होता. कोणाच्या लक्षात आलं नाही.

तो दिवस मला कोणी परत मागितला तर मी देणार नाही. आणि तो भाऊंमुळे आला, हे मी कधीही नाकारणार नाही.

पहिल्या डिव्हिजनमध्ये गेल्यावर मैदानाभोवती फ्लेक्स लागले. त्यांत भाऊंचा चेहरा मोठा आणि खाली ओळीने संघाचे छोटे छोटे चेहरे. "गोलकीपर शोधायला भिंग लागेल," काका म्हणाले. मग मैदानाच्या कडेला सोफा आला. मग आखणीचं मशीन आलं आणि ते ढकलायला भाऊंच्या साइटवरचे दोन मजूर. मी सवयीने टोक धरायला गेले, तर त्यातला एक म्हणाला, "मॅडम, बाजूला व्हा." मशीनच्या रेषा सरळ यायच्या. तक्रार करण्यासारखं काहीच नव्हतं. शेवटच्या रकान्यात मी "मजूर" लिहायला लागले.

त्या हंगामाच्या शेवटी भाऊंनी वार्षिक सभेसमोर प्रस्ताव ठेवला: क्लबला त्यांच्या नव्या गृहप्रकल्पाचं नाव द्यायचं. आमच्या वस्तीचं नाव जाणार होतं. आजूबाजूच्या कारखान्यांतल्या कामगारांनी क्लब काढला तेव्हापासूनचं नाव. बाबांच्या जुन्या जर्सीच्या पाठीवर ते अजून अर्धवट दिसतं.

"कोण विरोध करणार?" बाबा घरी म्हणाले. "त्यांनी आपल्याला वर नेलं." ते त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

आमच्या सभेत मत हात वर करून देतात. भाऊ समोर बसलेले असताना कोणाचा हात वर राहणार आणि कोणाचा खाली, हे सभेआधीच ठरल्यासारखं होतं. हॉल भाऊंचा होता, निम्म्या खेळाडूंच्या नोकऱ्या त्यांच्या ऑफिसात होत्या.

नाव बदलण्याच्या अर्जाला क्लबची घटना जोडायची होती, आणि ती टाइप करायला काकांनी माझ्याकडे दिली. पिवळी पडलेली मराठी पानं. मी इंग्रजी शाळेतली. असलं मराठी मी ओळीखाली बोट ठेवून वाचते, एकेक शब्द. इतकी वर्षं सगळ्यांनी ही पानं पाहिली होती, पण वाचली नव्हती, कारण वाचता येणाऱ्याला ती भराभर उलटता येतात. मला येत नव्हती. अकराव्या कलमाशी माझं बोट थांबलं.

सभेला साठेक माणसं होती. काकांनी प्रस्ताव वाचला आणि विचारलं, "कोणाला काही बोलायचंय?" मी हात वर केला. बाबांना वाटलं मला बाहेर जायचंय. त्यांनी पाय बाजूला घेतले.

"अकरावं कलम," मी म्हणाले.

"जरा मोठ्याने," मागून कोणीतरी म्हणालं.

"सहा वर्षांत पहिल्यांदा बोलतेय ती," काका म्हणाले. "तुम्ही जरा पुढे या."

मी वाचलं. आपल्या सामन्याच्या दिवशी अध्यक्षाने मैदानाची आखणी स्वतः करावी. सलग तीन सामने न केल्यास अध्यक्षपद रिक्त झाले असे समजावे, आणि त्यानंतर त्याने मांडलेला कोणताही ठराव विचारात घेऊ नये. कामगारांना नुसता हार घालून घेणारा अध्यक्ष नको होता. आम्ही ज्याला पद्धत समजत होतो, तो नियम होता.

"आता फक्कीवरून अध्यक्ष काढायचा?" भाऊंचा एक माणूस म्हणाला. "उद्या म्हणाल, गोलची जाळीपण त्यांनीच विणावी."

दोघेतिघे हसले. सामन्यांची वही माझ्या हातात होती, आणि वहीत काय आहे ते मला माहीत होतं.

"परत वाच," भाऊ म्हणाले. मी परत वाचलं. त्यांनी हात पुढे केला, मी वही दिली. ते पानं मागून पुढे उलटत गेले. शेवटचा रकाना: मजूर, मजूर, मजूर. मग एक पान आलं आणि त्यांचं बोट थांबलं.

"हितवर माझं नाव हाय."

"हो. त्याआधी प्रत्येक सामन्याला आहे."

"मग?"

"मग मशीन आलं."

भाऊंनी वही मिटून मला परत दिली, दोन्ही हातांनी. "पोरगी खरं बोलतीय," ते काकांना म्हणाले. "लिहा, रिक्त." आणि चपला घालून निघून गेले. प्रस्ताव मताला आलाच नाही.

घरी येताना स्कूटर सिग्नलला थांबल्यावर बाबा म्हणाले, "बावीस वर्षं मी गोलमध्ये उभा होतो. असा बॉल नाही अडवला कधी."

पुढच्या वर्षी कोच गेला, मशीन गेलं, कोल्हापूरचे खेळाडू गेले, आणि आम्ही पुन्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आलो. काही लोक मला पाहून अजून मान फिरवतात. फिरवोत. जर्सीच्या पाठीवर आमच्याच वस्तीचं नाव आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. भाऊंचाही वाटतो. तो नियम मोडून, वकील लावून ते सहज पदावर बसून राहिले असते.

अध्यक्ष व्हायला कोणी तयार नव्हतं, म्हणून काका झाले. सत्तरीला आलेले, गुडघे दुखणारे. हंगामाच्या शेवटच्या रविवारी ते डबा हलवत चालले होते आणि रेषा हळूहळू गोलपोस्टपासून लांब चालली होती. कुंपणापाशी भाऊ उभे होते. किती वेळ, माहीत नाही.

"वाकडी येतीय," ते म्हणाले.

"दिसतंय मला," काका म्हणाले. "तिथून सांगण्यापेक्षा आत या. सभासद आहात तुम्ही अजून."

भाऊ आत आले. त्यांनी पँट दुमडली आणि सुतळीसकट खाली पडलेली खुंटी उचलली. डबा मात्र काकांच्याच हातात राहू दिला. मी जाऊन माझं टोक धरलं.

"ताण," भाऊ म्हणाले.

मी ताणलं.

तो सामना आम्ही दोन-एकने हरलो. वहीच्या शेवटच्या रकान्यात मी दोन नावं लिहिली. काकांचं आधी.