कानाची मशीन आणि सविनय निवेदन

लोकांच्या तक्रारी योग्य माणसाकडे पोचवणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. पोचवतं खरं तर यंत्र. सिविक सेंटरच्या बाजारात एका बँकेच्या वर आमचं छोटंसं ऑफिस आहे. पंखे, कूलर, मिक्सर विकणाऱ्या कंपन्यांना गिऱ्हाइकांचे जे मेसेज येतात, ते आमच्याकडचा प्रोग्राम वाचतो, त्यातले शब्द हेरतो आणि ठरवतो, हा दुरुस्तीवाल्यांकडे, हा बिलाच्या माणसांकडे, हा विक्रीकडे. तो कुठे चुकला की मी सुधारते. चुकतो तो बराच. एका बाईंनी लिहिलं, 'कूलर लगाते ही लाइट गोल.' आमच्या या हिंदी मुलखात लाइट गोल म्हणजे वीज गेली, हे शेंबडं पोरही सांगेल. प्रोग्रामने त्यांना गोल दिव्यांचे भाव पाठवले.

प्रोग्राम ज्या डब्यांत मेसेज टाकतो, त्यांतला एक मात्र कुणीच उघडून पाहत नव्हतं, तो कौतुकाचा. 'बढ़िया', 'आभारी', 'धन्यवाद' असले शब्द दिसले की मेसेज तिकडे जाई आणि एक गोड उत्तर आपोआप सुटे. कौतुक वाचायला पगार देऊन माणूस कोण बसवणार? मलाही ते तेव्हा रास्त वाटायचं.

त्याच सुमारास आईची कानाची मशीन बंद पडली. जिथून घेतली ते दुकान उठून गेलेलं, आणि कंपनीच्या नंबरवर फोन केला की एक आवाज सांगायचा, मेसेज पाठवा. बाबा म्हणाले, मी पाहतो. इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये क्लार्की करून रिटायर झालेला माणूस. लिखापढीचं काम आलं की त्यांना हुरूप येतो. मीही निर्धास्त झाले.

आमच्या सेक्टर 2 च्या घरात बाबांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. भाजी खारट झाली तरी ते पाण्याचा तांब्या जवळ ओढून घेत, एवढंच. आता त्यांना पोळी मागायलाही ओरडावं लागू लागलं. ओरडायची सवय नाही, त्यामुळे गळ्याच्या शिरा ताणल्या जायच्या, डोळे मोठे व्हायचे. आईला शब्द ऐकू येत नव्हते, तोंड तेवढं दिसत होतं.

एके दिवशी ती स्वयंपाकघरात मला म्हणाली, "हे आजकाल माह्यावर खूपच खेकसतात. मी काय केलं, सांग बरं?"

मी हातवारे करून समजावलं. तिने मान हलवली, पण पटलं नव्हतं. त्यानंतर ती बाबांचं ताट वाढून ठेवायची आणि स्वतः मागच्या अंगणात जाऊन बसायची. मला दोघांचीही कीव आली, आणि कीव आली की मला राग येतो. तशीच मी बाबांकडे गेले.

"बाबा, त्या मशीनचं काय झालं?"

"उत्तर येऊन राहिलं ना बेटा. किती गोड लिहितात, पाह्य."

मी फोन हातात घेतला. बाबांनी लिहिलं होतं, 'महोदय, सविनय निवेदन है कि आपकी मशीन बहुत बढ़िया है। अनेक वर्ष उत्तम सेवा दी, हम आभारी हैं। इन दिनों तनिक मौन है। सुविधानुसार कृपा करें। धन्यवाद।' खाली उत्तर, 'आपके सुंदर शब्दों के लिए धन्यवाद! आपकी खुशी ही हमारी खुशी है।' त्याखाली बाबांचं पुन्हा निवेदन, त्याखाली पुन्हा त्यांची खुशी. ही कंपनी काही आमच्या ऑफिसची नव्हती, पण कौतुकाचा डबा मी ओळखला.

"हे कोणी माणूस नाही लिहून राहिला, बाबा. मशीन आहे ती."

"मग मशीनले मशीनचं दुखणं नाही समजत का?"

"नाही समजत. 'खराब' लिहा, 'बंद' लिहा."

"इतके दिवस चालली ना ते. तिले खराब कावून म्हणू?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "कंपनीशी गोड बोलून राहिले आणि आईवर ओरडून राहिले तुम्ही. ती म्हणते, हे माझ्यावर खेकसतात."

"असं म्हणाली?" बाबांनी विचारलं. मग चष्मा लावला आणि एका बोटाने टाइप करू लागले. 'मशीन बंद है। तुरंत देखो।' पुढे 'कृपया' घातलं, मी ते खोडलं. त्यांनी पुन्हा घातलं, मी पुन्हा खोडलं. 'देखो'चं 'देखिए' करू दे म्हणून त्यांनी फार विनवलं. मी फोन ओढून घेतला आणि मेसेज तसाच पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी आमचा कौतुकाचा डबा उघडला. वरवर चाळला तरी त्यात धन्यवाद देत देत रडणारी बरीच माणसं निघाली. तेव्हापासून तो मी रोज वाचते. साहेबांनी टोमणे मारून पाहिले, मी ऐकलं नाही.

मशीन दुरुस्त करायला कंपनीच्या एक बाई त्याच आठवड्यात घरी आल्या. बाबांनी दारातच त्यांची माफी मागितली, भाषा जरा कडक झाली म्हणून. त्या बिचाऱ्या माझ्याकडे पाहू लागल्या. त्यांनी मशीनमधला काहीतरी भाग बदलला, आईच्या कानात ती नीट बसवली आणि दुसरीकडे जायचं म्हणून लगेच निघाल्या.

आई खाटेवर बसून होती. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि सवयीने, गळा फाडून ओरडले, "चहा घेते का?"

आई दचकली. दोन्ही हात कानांवर गेले. "अजी, हळू बोला ना! बहिरी आहो का मी?"

बाबा तिथेच थबकले. मग त्यांनी तेच पुन्हा विचारलं, इतक्या हळू की शेजारी उभ्या असलेल्या मलाही नीट ऐकू आलं नाही. आई म्हणाली, "घेईन ना."