काकूंची नागीण आणि माझं इंग्रजी

माझ्या शहाणपणाचा एक किस्सा ऐका. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पुढं तुम्हाला माझी कीव येईल.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. शब्द कुठून आला, हे कुणी विचारलं नाही तरी सांगायची मला भारी खोड!

डोंगरकडा गावच्या माझ्या काकूंना कमरेला नागीण उठली. अंगाची नुसती आग. त्यात शेजारणींनी सांगितलेलं, नागिणीचं तोंड शेपटीला टेकलं की माणूस खलास. डॉक्टरांनी मात्र नीट समजावलं होतं: साप-बिप काही नाही, विषाणू आहे, गोळ्या आजपासूनच घ्या, उशीर केलात तर ही आग महिनोन् महिने सुटायची नाही. काकूंना ते पटलंही होतं. मी भेटायला गेलो तेव्हा गोळी हातात अन् तांब्या पुढ्यात. जरा उशिरा गेलो असतो तर काय बिघडलं असतं?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘हर्पीस झॉस्टर’ वाचलं आणि माझी जीभ वळवळली.

“काकू, गंमत बघा. इंग्रजीत हे नाव ग्रीकांकडून आलं. हर्पीस म्हणजे सरपटणारं, आपल्या ‘सर्पा’चं सख्खं भावंड. अन् झॉस्टर म्हणजे कंबरपट्टा!”

मला वाटलं, केवढा धीर दिला मी. काकूंनी गोळी खाली ठेवली.

“म्हंजे गोऱ्यायलाबी ठावं हाय. साप हाय, अन् कमरेला पट्टा घालूनच ऱ्हाणार. मग गोळीनं साप मरतो व्हय?”

लगेच गेरू लावणाऱ्या बाबाला बोलावणं धाडायचं ठरलं. काकूंचा मुलगा प्रल्हाद कपाळावर हात मारून चपला शोधू लागला.

मी घाबरलो. नाव म्हणजे रोग नव्हे, जुन्या लोकांना जसं दिसलं तसं त्यांनी म्हटलं, हे परोपरीनं सांगितलं. काकूंचं एकच: डॉक्टर परका, तू घरचा, अन् तुझ्याइतकं इंग्रजी आपल्या खानदानात येतं कुणाला? साऱ्या गावाला त्या हेच सांगत आल्यात. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. पण तो विश्वास मोडल्याशिवाय गोळी पोटात जाणार नव्हती.

शेवटी, घरात शेजारच्या बाया बसलेल्या असताना, मान खाली घालून म्हणालो, “काकू, खरं सांगू का? मला इंग्रजी येत नाही.”

काकूंनी माझं तोंड न्याहाळलं. मग गोळी उचलली, गिळली, वर पाणी प्यायल्या. माझा जीव भांड्यात पडला.

माझ्या पाठीवरून हात फिरवत त्या हळूच म्हणाल्या, “असू दे, लेकरा. पण मंग इतके साल त्या पोरायला काय शिकवून राहिला तू?”