‘नंबर बंद’ असा शेरा

रोझॅन पेट्राक ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात, एका संशोधन कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर सव्वीस वर्षं नोकरीला होती. देशातल्या सेवाभावी संस्थांची वर्गवारी करायचं तिचं काम. करमाफी मिळालेल्या संस्थेचे कागद तिच्यापुढे यायचे. ती संस्था नेमकं करते काय ते वाचायचं, तिला एक अक्षर द्यायचं आणि पुढचा कागद उचलायचा. कलेचं अक्षर वेगळं, आरोग्याचं वेगळं, प्राण्यांचं वेगळं.

अशा पंधरा-सोळा लाख संस्था होत्या. बाहेरच्यांना वाटायचं, सेवाभावी म्हणजे मोठी इस्पितळं, विद्यापीठं, नाहीतर एखाद्या कारखानदाराच्या नावाचं फाउंडेशन. बहुतेक पैसा तिथेच होता हेही खरं. पण रोझॅनच्या गठ्ठ्यातून वर यायचे ते भलतेच लोक. शाळेच्या बँडसाठी केक विकणाऱ्या आया, जुन्या दफनभूमीतलं गवत कापणारे सहा म्हातारे, भटक्या मांजरांना घर शोधून देणारी एकटी बाई. यांना ना कार्यालय, ना कारकून. पत्ता म्हणून कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा. रोझॅनचा या लोकांवर जीव होता, निदान तसं ती स्वतःला समजत होती.

२०१० च्या उन्हाळ्यात तिचा साहेब गॉर्डन टेबलापाशी आला. नवा नियम होऊन तीन वर्षं झाली होती. पूर्वी लहान संस्थांना दरवर्षी काही कळवावं लागत नसे. आता आठ प्रश्नांचा एक छोटा अर्ज संगणकावर भरावा लागे. लागोपाठ तीन वर्षं न भरल्यास करमाफी आपोआप रद्द.

"निम्म्या लोकांना हे माहीतच नाही," गॉर्डन म्हणाला. "आपल्या जिल्ह्यातल्या चारशे संस्थांची यादी केलीय. त्यातल्या शंभर तुझ्या. फोन करून सांगायचं फक्त. आहेत की बंद पडल्यात, तेही कळेल."

रोझॅनने कामाला हात घातला. कुणी फोनवर रडलं, कुणी "सरकारला दुसरे उद्योग नाहीत का?" म्हणून तिलाच झापलं. एक गृहस्थ तर अर्ज भरून होईपर्यंत तिला फोन ठेवू देईनात. आठवडाभरात एक्काहत्तर नावं झाली. बहात्तरावं नाव होतं: ‘टिबेट्स व्हॅन सेवा’.

व्हर्ला टिबेट्स. शाळेच्या बसवर चालक होती. निवृत्तीनंतर तिने नऊ जणांची एक जुनी व्हॅन घेतली आणि चार मैत्रिणींना हाताशी धरून डायलिसिसच्या रोग्यांची ने-आण सुरू केली. आठवड्यातून तीनदा, पहाटे पाचला दारात. रोझॅनच्या आईलाही, म्हणजे लायलाला, तिने दोन वर्षं नेलं. त्या दोन वर्षांत रोझॅन एकदाही आईबरोबर गेली नव्हती. कामावर जायचं असायचं. निदान कारण तरी ते होतं. आईच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात सगळे हॅम सँडविच खात उभे असताना व्हर्ला चार माणसांत म्हणाली होती, "लायला दरवेळी व्हॅनच्या मागच्या खिडकीतून बघायची. म्हणायची, आज रोझॅन येते का बघू. एखाद दिवस यायला हवं होतंस, पोरी."

ते शब्द रोझॅनच्या जिव्हारी लागले, कारण ते खरे होते. त्यानंतर तीन वर्षं तिने व्हर्लाचं तोंड पाहिलं नाही. दुकानात दिसली तरी रोझॅन दुसऱ्या रांगेत वळे.

आता तोच नंबर समोर होता. तिने फोन उचलला, चार आकडे दाबले आणि ठेवून दिला. उद्या करू म्हणाली. उद्याचा परवा झाला. शुक्रवारी गॉर्डनने यादी मागितली, तेव्हा तिने त्या नावापुढे लिहिलं: ‘नंबर बंद.’ दोन शब्द. लिहिताना हात जराही अडखळला नाही, हे तिला नंतर फार छळत राहिलं.

पुढच्या जूनमध्ये सरकारने यादी जाहीर केली. पावणेतीन लाख संस्थांची करमाफी एका दिवसात गेली. वार्ताहरांचे फोन घणघणू लागले. गॉर्डन म्हणाला, "रोझॅन, दोन ओळी लिहून दे. म्हणावं, यातल्या बहुतेक संस्था आधीच बंद पडल्या होत्या, तेव्हा घाबरायचं कारण नाही."

वाक्य चुकीचं नव्हतं. तिने ते लिहून दिलं. मग दार लावून यादीत आपला जिल्हा काढला. ‘टिबेट्स व्हॅन सेवा’ तिथे होतीच. त्याच क्षणी उठून व्हर्लाकडे जायला हवं होतं. तेव्हाही काहीतरी सावरता आलं असतं. ती गेली नाही. फोन न करणं हा राग होता, पण हे गप्प बसणं म्हणजे निव्वळ भित्रेपणा, हे तिला पुरतं कळत होतं. दुपारच्या जेवणाचा डबा ती उघडायची आणि तसाच बंद करायची.

ऑक्टोबरमध्ये स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. गावातलं फाउंडेशन व्हॅनचं इंधन आणि विमा भरत असे. करमाफी गेलेल्या संस्थेला त्यांना काही देता येत नव्हतं. व्हॅन तीन महिन्यांपूर्वीच थांबली होती.

त्या शनिवारी रोझॅन व्हर्लाच्या दारात जाऊन उभी राहिली. व्हर्ला सत्तरीपुढची, गुडघ्यांनी थकलेली, पण आवाज अजून बसमधली चाळीस पोरं गप्प करील असा.

"लायलाची मुलगी! रस्ता चुकलीस काय?"

"मला काही सांगायचंय."

"मग आत ये. थंडी घरात घेऊ नकोस."

रोझॅनने टेबलाशी बसून सगळं सांगितलं. यादी, फोन, शेरा, जूनपासूनचं मौन. व्हर्ला ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने ड्रॉवर उघडला आणि सरकारी पाकिटांचा एक गठ्ठा टेबलावर टाकला. एकही फोडलेलं नव्हतं.

"ही मलाच आली होती," व्हर्ला म्हणाली. "वाटलं, नेहमीचा कचरा असेल."

रोझॅनच्या छातीवरचं ओझं क्षणभर उचललं गेलं. "म्हणजे तुम्हाला कळवलं होतं तर..."

"थांब. ही मी उघडली नाहीत, ते माझ्या माथी. तू फोन केला नाहीस, ते तुझ्या. माझ्या मूर्खपणाआड लपायला आली असशील, तर कॉफी पी आणि चालती हो."

रोझॅन जागची उठली नाही.

"एमेट डूलीचं ऐकलंस का?" व्हर्लाने विचारलं. "रबराच्या कारखान्यातला. व्हॅन थांबली तेव्हा डायलिसिसच्या दोन फेऱ्या चुकल्या त्याच्या. फुप्फुसात पाणी भरलं. आता बार्बर्टनच्या शुश्रूषागृहात असतो. घर विकलं त्याचं मुलीने."

"मी काय करू?" रोझॅन म्हणाली.

"मला काय विचारतेस? कागद तुझ्या धंद्यातले. आणि गाडी चालवता येते ना तुला?"

आयुष्यभर संस्थांना अक्षरं दिल्याचा उपयोग तेव्हा पहिल्यांदा झाला. करमाफी परत मिळायला वर्ष तरी लागणार, हे रोझॅनला ठाऊक होतं. तोवर एखाद्या मोठ्या संस्थेने आपल्या छत्राखाली घेतलं, तर फाउंडेशनची मदत तिच्यामार्फत मिळू शकते, हेही ठाऊक होतं. तिने तीन ठिकाणी नकार ऐकला. चौथ्या ठिकाणी, एका चर्चच्या अन्नछत्राने होकार दिला. गॉर्डनलाही तिने शेऱ्याचं खरं सांगितलं. "बाकीच्या नव्व्याण्णवांचं काय?" एवढंच त्याने विचारलं. ते शेरे खरे होते, तरी त्याने सगळे पुन्हा दुसऱ्याकडून तपासून घेतले. ती अपमानित झाली, आणि आपण अपमानाला लायक आहोत असंही तिला वाटलं.

डिसेंबरात व्हॅन पुन्हा निघाली. मंगळवार आणि शनिवार रोझॅन चालवायची. मंगळवारी तशीच कामावर जायची. मागच्या बाकावरच्या बायका तिच्या ब्रेक मारण्याची यथेच्छ टवाळी करायच्या. आरशात मागची खिडकी दिसली की तिला आई आठवायची.

एमेट डूलीला भेटायला जायला मात्र तिला फेब्रुवारी उजाडला. तो खुर्चीत बसून जुना बेसबॉल सामना पाहत होता. तिने नाव सांगितलं, लायलाची मुलगी म्हणून.

"व्हर्लाने पाठवलं का?" तो म्हणाला. "मला वाटलं, व्हॅनमधल्या रेडिओवरून मी फार कटकट करतो म्हणून तिने मला गाळलं."

"नाही हो. तिने नाही. माझ्यामुळे झालं ते." तिने सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही.

एमेटने सामन्याचा आवाज बंद केला. "आणि फोन का नाही केलास?"

"राग होता. व्हर्लाचा."

"किती दिवसांचा?"

"तीन वर्षांचा."

त्याचं घर, अंगण, दारातलं मेपलचं झाड, यांतल्या कशाबद्दलही तो बोलला नाही. तो चिडला असता तर बरं, असं तिला वाटलं.

"संत्री आणलीत मी," ती कसंबसं म्हणाली.

"संत्री चालत नाहीत मला. पाणीसुद्धा मोजून देतात. डायलिसिसवालीची मुलगी ना तू? एवढंही माहीत नाही?"

तिला माहीत नव्हतं. ती पिशवी उचलून दारापर्यंत गेली.

"सफरचंद चालतं," मागून एमेट म्हणाला. नजर पडद्याकडेच होती. "लाल. पिठूळ नको."

पुढच्या रविवारी ती लाल सफरचंदं घेऊन गेली, त्याच्या पुढच्याही. चौदा महिन्यांनी करमाफी परत मिळाल्याचं पत्र आलं. व्हर्लाने ते आल्या आल्या फोडलं आणि रोझॅनला फोनवर मोठ्याने वाचून दाखवलं. एमेटला मात्र घर परत मिळालं नाही. त्याने रोझॅनला माफ केलं असं कधी म्हटलं नाही, आणि येऊ नकोस असंही म्हटलं नाही. ती सफरचंद चिरायची, फोडी बशीत मांडायची, आणि तो त्या एकेक करून खायचा.